पाठराखीण कोंबडी

टक.

भर दुपारी घर इतकं गप्प होतं की मी आधी वर पत्र्याकडे पाहिलं. ऊन चढलं की आमचा पत्रा बोलतो. पण आवाज खालून आला होता, चुलीमागच्या कोपऱ्यातून, जिथे आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, खुडूक कोंबडी पाटीत तुसावर बसवली होती. पुन्हा टक. अंड्याच्या आतून कुणीतरी दार वाजवत होतं.

माझी लेक रुंजी चटईवर पालथी झोपली होती, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून. ती पाच वर्षांची आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळीच सुटते, आणि मग तिची झोप जेवढी, तेवढाच माझा कामाचा दिवस. ओढणी हळूच सोडवायची, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि ती कूस बदलेपर्यंत जमेल तेवढं उरकायचं.

त्या दुपारी पडद्यावर एक नवी रेघ उमटली होती. खिरवाडीहून निघालेली, डोंगराची धार ओलांडून आमच्या खोऱ्यात उतरणारी. कुठे उतरते म्हणून मी नकाशा मोठा करत गेले. ओढा, पाण्याची टाकी, आमचा शेवगा. रेघ आमच्या अंगणात येऊन थांबली होती.

मला वाटलं, यंत्र चुकलं.

यंत्र डब्याएवढं. कोंबडीचं ताजं पीस उपटून त्याचा देठ आत ठेवायचा, की ते तिचं सगळं कुळ वाचतं. लागोपाठ आलेल्या दोन साथींनी पांढऱ्या कोंबड्यांचे मोठाले कारखाने रिकामे केले, तेव्हा सरकारला गावठी कोंबडीची आठवण झाली. उकिरडा उकरून जगणारी ही काटक जात साथीत टिकली कशी, मुळात आली कुठून, हे शोधायला आमचं केंद्र उघडलं. मी तिथे वंशशास्त्र बघते. माझ्याबरोबर तौफिक. तो गावोगाव मोटारसायकलवर फिरतो, पिसं आणतो आणि येताना रुंजीसाठी बोरं.

कोंबड्यांचं माणसाच्या उलटं असतं. आपल्यात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. मादीपाशी डब्ल्यू नावाचं एक बारकं गुणसूत्र असतं, ते नरापाशी नसतंच. कोंबडी ते आपल्या मादी पिल्लांना देते, त्या त्यांच्या पिल्लांना. कोंबडा मध्ये कुठेच येत नाही. हे गुणसूत्र वाचायला फार किचकट, तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि जुन्या यंत्रांची ओळ चुकायची. नवं यंत्र अख्खा धागा एका दमात वाचतं. त्या धाग्यावर अधूनमधून एखादा ओरखडा पडतो आणि पुढच्या लेकींकडे तसाच जातो. दोन कोंबड्यांचे ओरखडे ताडून पाहिले, की त्यांची वाट कधी वेगळी झाली ते चार-दोन वर्षं इकडेतिकडे सांगता येतं.

आम्हाला वाटलं होतं, हे धागे बाजाराच्या रस्त्यांनी जातील. नरांकडून आलेले धागे तसे गेलेही. कोंबडा विकला जातो, जत्रेत जातो, पाहुण्यासाठी कापला जातो. पण माद्यांचे धागे बाजाराला वळसा घालून भलतीकडेच निघाले. जिथे नीट पायवाट नाही अशा खिंडींतून, या वाडीतून त्या वाडीत. बरेच दिवस आम्ही डोकं खाजवत होतो. मग एका अंगणात पीस उपटताना घरधनीण सहज म्हणाली, "जपून हं, पाठराखीण हाय ती मपली."

या डोंगरपट्ट्यात लेक सासरी निघाली की आई तिच्या काखेत एक तलंग देते, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. नवरीबरोबर पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला पाठराखीण म्हणतात, पण ती दोन दिवस राहून परतते. ही परतत नाही. म्हणून हीच खरी पाठराखीण. तिला कापायचं नाही, विकायचं नाही. तिच्या पोटची मादी घरात ठेवायची आणि पुढे आपल्या लेकीला द्यायची. म्हणजे आम्ही कोंबड्यांचा म्हणून काढलेला नकाशा बायकांचा होता. कोण कुठून कुठे दिली, सगळं.

हे बाहेर पडल्यावर कुणाला दम निघेना. चार गावांत आम्ही नकाशा आधी चाचणीसाठी उघडला. एका म्हातारीला लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणीचं घर सापडलं. दोघी दिवसभर एकमेकींचे हात धरून बसून होत्या. दुसऱ्या गावात सोयरीक मोडली. मुलीच्या आईची कोंबडी तिने सांगितलेल्या माहेरची निघाली नाही, एवढंच कारण. आता येत्या बाजाराला सगळ्या तालुक्यासाठी नकाशा खुला होणार होता. आपल्या घराच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की धागे दिसणार.

आणि आमच्या अंगणात ठिपका होता. यंत्र पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मीच ते तपासायला घरच्या कोंबडीचं पीस घातलं होतं आणि विसरून गेले होते. यंत्र विसरलं नव्हतं.

मी ओरखडे पुन्हा ताडून पाहिले. आत्याबाईंचं माहेर धरणात बुडालं. तिथली माणसं वसाहतीत राहतात; त्यांच्या कोंबड्या उन्हाच्या लाटेत गेल्या, म्हणून नकाशात त्यांचा ठिपका नाही, पण आधी घेतलेल्या त्यांच्या पिसांशी आमचा धागा जुळत होता, इथवर ठीक. पण वसाहतीतल्या कोंबड्यांत नसलेले दोन ओरखडे आमच्या कोंबडीत होते, आणि तेच दोन खिरवाडीतल्या एका कोंबडीत. म्हणजे माहेर सुटल्यावर काही वर्षं हा धागा एकच होता. मग तो दुभंगला. एक भाग खिरवाडीत राहिला, दुसरा इकडे आला. कोंबडी एकटी डोंगर ओलांडत नाही.

खिरवाडीची ती बाई मला आठवत होती, तिच्या कोंबडीचं पीस नुकतंच मीच जाऊन आणलं होतं. अलका. चाळिशीची, हसताना तोंडावर पदर घेणारी. तिच्याकडे एकच कोंबडी उरली होती, बाकीच्या उन्हाच्या लाटेत गेल्या. "मला आई आठवत नाय," ती म्हणाली होती. "आजीनं वाढवलं. घरात आईचं नाव काढलेलं चालायचं नाय. ही कोंबडी तेवढी तिच्या हातची, म्हणजे तिच्या हातच्या कोंबडीची पणती-खापरपणती. ताई, तुमच्या यंत्राला कळंल का, हिच्या बहिणी कुठं हायत?"

मी तिला सांगून आले होते, बाजारापर्यंत थांब, नकाशात दिसेल.

"फुटलं का गं?" आत्याबाई मागच्या दारातून आत आल्या. डोक्यावर गवताचा भारा, कपाळावर घाम. पाटीशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तिने त्यांना टोचलं नाही. मला टोचते.

"आत्याबाई, खिरवाडीत कुणी आहे का आपलं?"

हात पोटाखालीच राहिला.

"का?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांना रेघ दाखवली, ठिपका दाखवला. चष्मा नव्हता, तरी त्या वाकल्या नाहीत. लांबूनच बघत राहिल्या.

"पीस कुणी दिलं तुला?"

"मीच घेतलं होतं. मागे, यंत्र तपासायला."

"मला इचारलं व्हतंस?"

आत्याबाईंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला. रुंजी तशीच पालथी पडली होती.

"तिथल्या घरात दिली व्हती मला आधी," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच, भाजी सांगतात तसा. "लई मारायचा तो. एक दिवस भाकरी थापता थापता उठले. दोन कोंबड्या व्हत्या. एक घेतली, एक ठिवली."

"कुणासाठी ठेवली?"

"तुला ठावं हाय कुणासाठी. मला कशाला बोलाय लावतीस?"

"अलका नाव आहे तिचं."

"नाव मीच ठिवलंय," आत्याबाई म्हणाल्या. कोंबडी घशातल्या घशात बोलत होती. "समाधानच्या बापाला सगळं ठावं व्हतं. तो गेला. आता कुणालाच ठावं नाय. समाधानला तर नायच. काढ ते."

"आत्याबाई, ती शोधतेय."

"काढ म्हनते ना. बाजाराच्या दिशी चावडीवर पोरं फोन घिऊन बसतील. माझं नाव घिऊन म्हनतील, भिवराबाईची कोंबडी कुठनं आली बघा. मला वाटलं व्हतं, कोंबडी बोलत नाय." त्या उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "तिला म्हनावं, नसंल तिची आई चांगली."

त्या दुपारनंतर मला घरात एका जागी बसवेना. भात लागला. रुंजीची वेणी घालताना एक पेड सुटला तो सुटलाच. समाधानचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. तो राजस्थानात सौर पॅनेलवर काम करतो, सणाला येतो. स्क्रीनवर त्याच्या मागे वाळू आणि काचा.

"आईचा चेहरा का असा?" तो म्हणाला.

"उन्हाचा."

"आणि तुझा?"

"तोही उन्हाचाच. तू एकुलता एक ना, म्हणून सगळ्यांचे चेहरे तुलाच बघावे लागतात."

"एकटा असण्यात मजा असते गं. अख्खा लाडू मला मिळायचा." तो हसला. त्याच्या हनुवटीला खळी पडते, पदर तोंडावर जायच्या आधी अलकाच्या हनुवटीला दिसली होती तीच. मी फोन रुंजीच्या हातात दिला आणि मागल्या अंगणात जाऊन उभी राहिले.

तौफिकला मी सांगितलं, माझ्या घरचा नमुना काढून टाकायचाय.

"का, मॅडम? खराब निघाला?"

"नाही. विचारून घेतलेला नाही."

"तुमच्याच घरचा तर आहे."

"कोंबडी माझी नाही, तौफिक."

"मग खिरवाडीच्या त्या बाईचा धागा हवेत लटकेल. मला तिनं तीनदा फोन केलाय. बाजार कधी, बाजार कधी." पलीकडून त्याच्या लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता. "ठीक आहे. पण बटण तुम्हीच दाबा. माझ्याच्यानं नाही होणार."

मी दाबलं. एका हाताने रुंजीच्या तोंडात घास, एका हाताने बटण. ठिपका गेला, मग रेघ मागे मागे सरत धारेपर्यंत पोचली आणि पुसली गेली. खिरवाडीचं घर तेवढं राहिलं, भोवताली काही नाही. आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि मला ताटात वाढून दिलं. सहसा मीच वाढते.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. चावडीवर पोरं खरंच फोन घेऊन बसली. कुणी कुणाला चिडवलं, कुणाची मावशी सापडली, दोन घरांत भांडणं लागली. आमच्या अंगणाचं नाव कुणी काढलं नाही. आत्याबाई पिल्लांना कण्या टाकत होत्या, घार दिसली की टाळ्या वाजवत होत्या. पण टाळी वाजवून झाल्यावरही त्या वरच बघत राहायच्या.

अलकाचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. दोन्ही हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला. आत्याबाई तिथेच शेंगा सोलत होत्या. नाव ऐकून उठतील असं मला वाटलं. उठल्या नाहीत.

"ताई, मी खिरवाडीची अलका. नकाशा पाहिला. माझी कोंबडी त्यात एकटीच दिसती."

"हो. मी..."

"तिचं राहू द्या. माणसंच नसतील तर कोंबड्या कुठनं असतील. मी येगळ्यासाठीच फोन केलाय. माझी कोंबडी परवा गेली. ऊनच बाधलं तिला. सकाळी पाणी दिलं, दुपारी बघते तर मान टाकलेली."

"तिची पिल्लं?"

"तिन्ही कोंबडेच हायत. त्यांच्यात नसतं ना ते? तुम्ही सांगितलं व्हतं, कोंबड्यात नसतं." ती जरा हसली, उगाच. "माझ्या लेकीचं लगीन ठरलंय, ताई. पौषानंतर. तिच्या काखेत काय देऊ? बाजारातली आणा, म्हनतात घरातले. बाजारातली काय पाठराखीण असती? म्हनून म्हटलं, तुमच्या यंत्राकडं लांबचं एखादं घर दिसत असंल हिच्या कुळाचं, तर नुसतं सांगा. मी जाईन. एक अंडं मागीन. नाय म्हनले तर माघारी यीन."

आत्याबाईंच्या हातातली शेंग फुटली नव्हती. त्या ती नुसती दाबत होत्या.

"मी बघते," मी म्हणाले. "कळवते तुला."

"घाई नाय," अलका म्हणाली. "पर बघा."

फोन बंद झाला. दोरीवरच्या फ्रॉकमधून पाणी ठिपकत होतं. मला खरं तर खूप बोलायचं होतं, पण ते पीस जसं मी विचारल्याशिवाय उपटलं होतं, तसं आता आणखी काही उपटायचं नव्हतं.

"लगीन म्हनाली?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"म्हंजी तिला लेक हाय."

"मोठी आहे. कॉलेजला होती म्हणे."

शेंगांचं सूप त्यांनी खाली ठेवलं आणि उठून अंगणात गेल्या. कोंबडी धरायची ती संध्याकाळी, खुराड्यात शिरल्यावर. हे त्यांनीच मला शिकवलंय. भर उन्हात ती सापडत नाही. पण आत्याबाई पदर खोचून मागच्या विणीतल्या त्या काळ्या तलंगेमागे लागल्या. शेवग्याभोवती, गोठ्यामागून, पुन्हा शेवग्याभोवती. तलंग कुंपणाखाली घुसायची, त्या गुडघ्यांवर बसायच्या. आवाज ऐकून रुंजी उठून आली आणि हसत हसत तीही धावायला लागली. मी ओला टॉवेल घेऊन एका बाजूने आडवी गेले. शेवटी तलंग टॉवेलात सापडली. तिघींच्या केसांत तूस.

आत्याबाईंनी तिला छातीशी धरलं. तिचं काळीज टॉवेलातून धडधडताना दिसत होतं. कुणाचं होतं कोण जाणे.

"गाडी हाय का तुझी भरलेली?" त्यांनी विचारलं.

"चार्ज आहे."

"समाधानला काय सांगशील?"

"तुम्ही सांगाल ते."

"मीच सांगीन." त्यांनी टॉवेल नीट गुंडाळला. "आधी तिकडं जाऊन यिऊ. तिनं दारातनंच माघारी धाडलं, तर त्याला काय सांगायचं ते नंतर बघू."

आत्याबाईंनी इरकली नेसली, मग ती सोडून रोजचीच साडी नेसली. तलंगेला झाकणाच्या पाटीत घातलं, वर भिजवलेलं फडकं टाकलं. निघताना अलकाला फोन करू का, असं मी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "बोलले तर जायची नाय मी."

घाट लागला. मी गाडी चालवत होते. आत्याबाई शेजारी, मांडीवर पाटी, दोन्ही हात झाकणावर. मागे रुंजी खिडकीला नाक लावून बसली होती. खिंडीत पोचल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "इथनं चालत आले व्हते मी," आणि पलीकडच्या उतारावर बारीक बारीक घरं दिसायला लागली तसं त्यांनी खिडकीची काच वर केली.

"आई, तिकडे कोण आहे?" रुंजीने विचारलं.

"अलकाआत्या आहे."

"आजीचं बाळ ना? जे भाकरीच्या दिवशी राहिलं?"

माझा पाय ब्रेकवर गेला. म्हणजे त्या दुपारी ती झोपली नव्हती. ओढणी सोडून निपचित पडून सगळं ऐकत होती, माझी लेक.

"गप बस, बाळा. पडशील, नीट बस."

"मी नीटच बसलेय." तिने दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. एक बोट पाटीच्या विणीतून आत घातलं, तलंगेच्या पंखाला लावलं. आत्याबाईंनी तिला अडवलं नाही. त्या समोर बघत होत्या, त्यांचे ओठ आत ओढलेले.

"आई," रुंजी हळू आवाजात म्हणाली, माझ्या कानाशी, पण गाडीत ते सगळ्यांना ऐकू आलं. "आजीनं एक कोंबडी घेतली आणि एक ठेवली ना. मग जी घेतली, तिला ठेवून बाळाला का नाही घेतलं?"